मोडल्या संसारातील सूरसाधना

संसार मोडणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाही. आपल्या भाषेतच तिची साक्ष आहे. 'काडीमोड', 'सोडचिठ्ठी', 'फारखत' हे शब्द कोणत्याही कायदेमंडळाने घडविलेले नाहीत. ते गावच्या पंचांच्या बैठकीतून आलेले आहेत. पंचांसमक्ष गवताची काडी मोडली की नवराबायकोचे नाते तुटले, असा अनेक जातींचा रिवाज होता, आणि त्या जातींत स्त्रीस पाट लावून दुसरा संसार मांडण्याची मोकळीकही असे. पांढरपेशा समाजाचा दंडक मात्र निराळा. तेथे लग्न हा जन्मजन्मांतरीचा संस्कार. नवऱ्याने बायकोस सोडले तर ती 'टाकलेली'. आणि बायकोनेच नवऱ्याचे घर सोडले, तर तिच्यासाठी बरा असा शब्दच नव्हता.

ह्या विषयातील कायद्याची वाटचाल तारीखवार सांगता येते. १८८४ साली दादाजी भिकाजी ह्यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात रखमाबाईंविरुद्ध दावा लावला आणि न कळत्या वयात झालेले लग्न स्त्रीने मानलेच पाहिजे काय, ह्या प्रश्नावर सारा देश भांडू लागला. तो दावा १८८८ साली तडजोडीने मिटला. रखमाबाई पुढे विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. १९३१ साली बडोदे संस्थानाने हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. १९३९ साली मुसलमान स्त्रियांस न्यायालयामार्फत विवाहविच्छेद मागण्याचा हक्क कायद्याने स्पष्ट झाला. मुंबई इलाख्यात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ साली आला, १९५५ साली साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा झाला, आणि उभयतांच्या संमतीने विभक्त होण्याची सोय त्यात १९७६ साली घालण्यात आली.

परंतु कायद्याच्या इतिहासात एक गोष्ट कधीच सापडत नाही. घर सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्त्रीने काय केले? मुले उठली, चूल पेटली, आणि पुढे? ज्या दिवसाची सारी मांडणी एका माणसाभोवती होती, तो माणूस वजा झाल्यावर तो दिवस कशाने भरावयाचा? ह्या प्रश्नाचे एक उत्तर संगीताच्या इतिहासात मिळते. ते उत्तर देणारी बाई त्याच बडोद्याची, आणि बडोद्याचा कायदा होण्याच्या दहा-एक वर्षे आधीच तिने आपला निर्णय घेऊन टाकला होता. तिचे नाव ताराबाई माने.

ताराबाई ह्या बडोद्याच्या राजघराण्याशी नाते असलेल्या सरदार मारुतीराव माने ह्यांच्या कन्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात उत्तरेकडील किराना गावचा एक तरुण गवई बडोदे दरबारी आला. हेच पुढे कीर्तीस चढलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. त्यांचा जन्म १८७२ चा, आवाज अतिशय गोड आणि सुरेल, आणि वय ऐन पंचविशीच्या आसपासचे. ताराबाई त्यांच्यापाशी गाणे शिकू लागल्या, आणि गुरुशिष्येच्या नात्याचे पर्यवसान प्रेमात झाले. एक मराठा सरदारकन्या, दुसरा मुसलमान गवई. ह्या लग्नास बडोद्यात जागा मिळणे शक्यच नव्हते. उभयतांनी बडोदे सोडले, मुंबई गाठली आणि पुढे मिरजेस बिऱ्हाड केले. ताराबाईंनी त्या दिवशी माहेर, जात आणि वैभव ह्या तिन्ही गोष्टी एकदमच मागे टाकल्या. एवढी किंमत देऊन मांडलेला संसार पुढे मोडला, तेव्हा परत जाण्यास त्यांना दारच उरलेले नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील हकिकतीचे मोल कळते.

ह्या दांपत्यास पाच मुले झाली: दोन मुलगे आणि तीन मुली. थोरला अब्दुल रहमान, धाकटी सकीना. मधल्या चंपाकलीचा जन्म मिरजेचा, १९०५ सालचा. घर म्हणजे गाण्याची शाळाच. मिरज हे तंतुवाद्यांचे गाव. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे आणून त्यांचे तंबोरे आणि सतारी करणारे कारागीर तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत, आणि स्वतः खाँसाहेबांचाही वाद्ये दुरुस्त करण्यात हात चांगला चाले. १९१३ साली त्यांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढले. एका मुसलमान गवयाने आपल्या शाळेस हे नाव द्यावे आणि हिंदू घरांतील मुलांस पोटाशी धरून शिकवावे, ह्यावरून त्यांच्या वृत्तीची कल्पना येते. घरातील मुलांच्या कानांवर तंबोऱ्याचा षड्ज पाळण्यापासून पडत होता. ही कानांत साठलेली पुंजीच पुढे ताराबाईंच्या उपयोगी पडावयाची होती.

१९२० च्या आगेमागे ताराबाई खाँसाहेबांपासून विभक्त झाल्या. पाचही मुले घेऊन त्या मुंबईत स्वतंत्रपणे राहू लागल्या. ह्या ताटातुटीची कारणे उकरण्याचे येथे प्रयोजन नाही. दोन मानी माणसांत जे घडते ते त्या दोघांचेच असते. इतिहासाला जे दिसते ते एवढेच की, थोरला मुलगा अठरा-वीस वर्षांचा, धाकटी मुलगी सात-आठ वर्षांची, पाठीशी ना सासर ना माहेर, आणि हाताशी विद्या एकच, ती म्हणजे गाणे.

ताराबाईंच्या मुलांची नावे पालटली, ही गोष्ट लहान वाटते, पण ती लहान नव्हे. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, धाकटा भाऊ कृष्णराव माने. चंपाकली ह्या हिराबाई बडोदेकर, गुलाब ह्या कमलाबाई बडोदेकर, आणि सकीना ही छोटूताई, म्हणजे पुढील काळातील सरस्वतीबाई राणे. ज्या महाराष्ट्रात मुलाच्या नावामागे बापाचे नाव लागल्यावाचून शाळेचा दाखलाही पुरा होत नसे, तेथे ही भावंडे आईच्या आडनावाने आणि आईच्या गावाने ओळखली गेली. संसार मोडल्यानंतर आईने कुटुंब स्वतःच्या नावावर उभे केले, असाच ह्याचा अर्थ आहे.

परंतु नाव पालटल्याने घर चालत नाही. मुलींना गाणे शिकवावे तर त्यात मोठा धोका होता. त्या काळी चारचौघांत गाणारी बाई म्हणजे नायकीण किंवा कलावंतीण, असे समीकरण समाजाच्या डोक्यात पक्के बसले होते. नवऱ्यापासून वेगळी झालेली आई आणि गाणाऱ्या तीन मुली, एवढे ऐकताच शेजारपाजारी काय बोलत असतील ते सांगावयास नको. तरीही ताराबाईंच्या घरी तंबोरा खुंटीला टांगला गेला नाही. तालमीसाठी गुरू म्हणून जे आले ते खाँसाहेब अब्दुल वहीद खाँ.

ह्या नेमणुकीत एक विलक्षण योग आहे. वहीद खाँ हे किराना घराण्याचेच, अब्दुल करीम खाँसाहेबांचे नातलग. खाँसाहेबांची पहिली पत्नी गफूरन बीबी ही ह्या वहीद खाँसाहेबांची बहीण. ताराबाईंशी संसार मांडताना खाँसाहेबांनी ज्या स्त्रीस मागे टाकले, तिचाच भाऊ आता ताराबाईंच्या मुलांस विद्या देऊ लागला. दोन मोडलेले संसार एका तालमीच्या खोलीत समोरासमोर बसले, आणि त्यांच्यामध्ये तंबोरा होता. एखाद्या सामान्य घरात अशा नात्यांतून तीन पिढ्यांचे वैर निपजले असते. येथे त्यातून ख्याल निपजला.

वहीद खाँसाहेबांची तालीम ही घाईच्या माणसाची नव्हे. त्यांची गायकी अतिविलंबित लयीची. झुमऱ्यासारख्या चौदा मात्रांच्या तालात एकेका सुराची हळूहळू बढत करावयाची; षड्जावरून ऋषभावर जाण्यापूर्वी षड्जाचे सारे घर नीट पाहून घ्यावयाचे. ठरावीक स्वरांचे जितके म्हणून क्रम होऊ शकतील तितके सारे घोटून घेण्याची मेरुखंडाची रीत ह्याच परंपरेत जोपासली गेली. असा रियाज रोजचा, ठरल्या वेळचा, आणि महिनोन्‌महिने एकाच रागाचा असतो.

दुःखात पडलेल्या माणसास ह्या रियाजाने काय मिळते, ह्याचा थोडा विचार करण्यासारखा आहे. दुःख विसरण्यासाठी गाणे, असे सामान्यतः म्हटले जाते. पण ते सैल बोलणे झाले. विसरण्यासाठी माणूस गाणे ऐकतो. रियाज करणारास विसरण्याची सवलत नसते. त्याला सावध राहावे लागते. प्रथम तंबोरा लावावा लागतो. हवा पालटली की तारा उतरतात, म्हणून काल लावलेला तंबोरा आज पुन्हा लावावाच लागतो. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी मोकळी करावी लागते. मग खर्ज. लांब श्वास घ्यावा, तो हळूहळू सोडावा, आणि सूर हलला तर कानाने तो तत्काळ पकडावा. ज्या मनात रात्रभर एकच विचार घोळत असतो, त्या मनास तेवढा वेळ तरी दुसरे काम लागते. आणि ते काम असे की, त्यात कोणाचा दोष काढता येत नाही आणि कोणाची दयाही चालत नाही. सूर लागला किंवा लागला नाही, एवढाच तेथील न्याय. शिवाय उद्या त्याच वेळी पुन्हा बसावयाचे असते. मोडलेल्या संसाराने दिवसाची जी चौकट काढून नेलेली असते, ती रियाज परत बसवून देतो.

ह्या शिस्तीचे फळ लौकरच दिसू लागले. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांचे गांधर्व महाविद्यालय १९०८ पासून मुंबईत होते. गाणे प्रतिष्ठित घरांत नेण्याचा त्यांचा ध्यास सर्वश्रुत आहे. १९२१ साली त्यांच्या विद्यालयाच्या संगीत परिषदेत सोळा वर्षांच्या हिराबाई गावयास बसल्या. अंगविक्षेप नाही, नजरेचा खेळ नाही. पदर नीट घेतलेली एक मुलगी शांतपणे ख्याल गाते आहे, हे दृश्यच श्रोत्यांस नवीन होते. पुढे तिकीट लावून नाट्यगृहात जाहीर गाणे करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत हिराबाईंची गणना झाली. तिकीट विकत घेऊन येणारा श्रोता हा आश्रयदाता नव्हे. तो कोणाच्याही घरी जाऊन बसत नाही, कोणास बोलावून घेत नाही, आणि गाणे संपताच उठून जातो. गायिकेची इभ्रत राखणारी ही साधी व्यवस्था पुढील पिढ्यांतील कितीतरी मराठी मुलींस उपयोगी पडली.

ह्या भावंडांनी नाटक मंडळीही काढली. बालगंधर्वांसारखे पुरुष नट स्त्रीभूमिकांत लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, ह्या मंडळीत हिराबाई आणि त्यांच्या बहिणी स्वतः स्त्रीपात्रे रंगवीत. रसिकांनी कौतुक केले, परंतु बोलपट आले, नाटकांचे दिवस पालटले, आणि कर्ज डोक्यावर ठेवून मंडळी बंद पडली. ते ओझे पुढे गाण्याच्या मैफलींतून उतरवावे लागले. गाण्याने घर सावरले हे खरे, पण त्या घरास त्याने श्रीमंत केले नाही. एका संकटातून बाहेर काढून दुसऱ्या कष्टास जुंपणे, हाही त्याचाच एक भाग होता.

तिन्ही प्रमुख भावंडांच्या वाटा निरनिराळ्या झाल्या. हिराबाईंना १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण मिळाले. १९८९ साली त्यांचे निधन झाले. सरस्वतीबाईंचा आवाज चित्रपटांच्या पार्श्वगायनात आरंभीच्या काळातच ऐकू आला. १९४३ च्या 'रामराज्य' ह्या चित्रपटातील त्यांच्या गीताने त्या घरोघर पोहोचल्या, आणि नभोवाणीवर त्या अनेक दशके गात राहिल्या. पुढे दोघी बहिणींनी मिळून ख्यालाची जुगलबंदी गाण्याचा प्रघात पाडला. सुरेशबाबू मात्र मैफलीपेक्षा तालमीत रमणारे. प्रसिद्धीची हाव त्यांना नव्हती. १९५३ साली ते गेले, पण हिराबाईंना घडविण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि माणिक वर्मा, प्रभा अत्रे ह्यांसारख्या गायिका त्यांच्या हाताखाली तयार झाल्या.

आणि ज्यांना सोडून हे कुटुंब निघाले त्या खाँसाहेबांचे काय झाले? त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून तेही सांगितले पाहिजे. ते मिरजेस राहिले, दक्षिणेत म्हैसूरपर्यंत त्यांची ये-जा चालू राहिली, आणि त्यांचेही गाणे ह्या काळात अधिक अंतर्मुख झाले, असे जाणते रसिक मानतात. त्यांच्या उतारवयातील ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात; त्यांतील करुण, बारीक, लांबवर जाणारा सूर ज्याने एकदा ऐकला, त्यास ह्या मताचे नवल वाटणार नाही. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमाळकोविल ह्या लहानशा स्टेशनावर त्यांनी देह ठेवला. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि तेथे गवयांनी येऊन हजेरी लावण्याची परंपरा आहे. ताटातूट दोघांचीही झाली होती. आणि दोघांनीही आधार घेतला तो एकाच विद्येचा.

म्हणूनच किराना घराण्याची गायकी महाराष्ट्रात दोन वाटांनी पसरली. एक वाट खाँसाहेबांच्या शिष्यांची: सवाई गंधर्वांकडून गंगूबाई हनगळ, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी ह्यांच्यापर्यंत गेलेली. दुसरी वाट ताराबाईंच्या घरातून निघालेली. घर दुभंगले, पण विद्या दुभंगली नाही. उलट तिच्या दोन शाखा झाल्या. बापाचे नाव मुलांनी टाकले, परंतु बापाच्या घराण्याचा सूर टाकला नाही. राग मनात धरूनही माणसाने दिलेल्या चांगल्या वस्तूचा मान राखता येतो, हा धडा ह्या कुटुंबाने घालून दिला आहे.

ताराबाईंचे उदाहरण एकटे नाही. वहीद खाँसाहेबांपाशीच शिकलेल्या बेगम अख्तर ह्यांनी १९४५ साली विवाहानंतर गाणे सोडले. गाण्यावाचूनची ती वर्षे त्यांना मानवली नाहीत, प्रकृती ढासळली. अखेर १९४९ साली लखनौच्या नभोवाणी केंद्रात त्या पुन्हा गावयास बसल्या. त्यांचा संसार मोडला नव्हता, मोडला होता तो रियाज. आणि रियाज मोडल्यानेही माणूस तितकेच मोडते, असे ह्यावरून दिसते. दुसरे उदाहरण मुंबईचेच. मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँ ह्यांच्या कन्या अन्नपूर्णादेवी ह्यांचा रविशंकर ह्यांच्याशी १९४१ साली झालेला विवाह १९८२ साली घटस्फोटाने संपला. त्यांनी श्रोत्यांपुढे बसणे त्यापूर्वीच सोडले होते. परंतु स्वतःचे वादन आणि शिष्यांची तालीम सोडली नाही. हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर ह्यांसारखे बासरीवादक त्यांच्यापाशी शिकले. २०१८ साली त्या गेल्या तोपर्यंत त्यांच्या मुंबईच्या घराचे दार जगास बंद आणि विद्येस उघडे होते. ताराबाईंच्या घरातून गाणे बाहेर पडून सभागृहांत गेले. अन्नपूर्णादेवींच्या घरात ते आतच राहिले. दोन्ही प्रकार खरे, कारण रियाजास श्रोता लागतोच असे नाही.

आज काळ पालटला आहे. गोराई, बोरिवलीपासून मुलुंड, घाटकोपरपर्यंतच्या उपनगरांतील दांपत्ये पंचांपुढे काडी मोडीत नाहीत. १९८४ च्या कायद्याने झालेल्या कुटुंब न्यायालयाची वाट त्यांस वांद्र्यास नेते. तेथे पोटगी ठरते, मुलांचा ताबा ठरतो, सामानाची वाटणी होते. हे सारे आवश्यकच आहे, आणि तंबोरा पोटगीची जागा घेऊ शकत नाही. जिच्या घरी उद्याच्या जेवणाची विवंचना आहे तिला खर्जाचा उपदेश करणे हा निर्दयपणा होईल. ताराबाईंच्या घरीही गाणे प्रथम पोटासाठीच होते. त्यात समाधान लाभले ते मागाहून.

परंतु न्यायालयाचा हुकूमनामा हाती पडल्यानंतरची सकाळ आजही तशीच असते, जशी शंभर वर्षांपूर्वी ताराबाईंची होती. त्या सकाळी काय करावे हे कोणताही कायदा सांगत नाही. ताराबाईंनी त्या सकाळी मुलांना तालमीस बसविले. त्यांचे स्वतःचे गाणे कोणत्याही ध्वनिमुद्रिकेत राहिले नाही, त्यांच्या नावे पुरस्कार नाही. मात्र महाराष्ट्रातील स्त्रीच्या गाण्यास जी प्रतिष्ठा आज सहज मिळते, तिचा पाया ज्या काही थोड्या घरांत घातला गेला, त्यांतील एक घर नवऱ्यावाचून आणि माहेरावाचून उभे राहिलेल्या ह्या बाईचे होते, एवढी नोंद इतिहासाने तिच्या नावे अवश्य केली पाहिजे.